तव्यावरची पोळी थेट पानात

स्मरणिकेसाठी लेख मागणारा फोन दरवर्षी येतो आणि दरवर्षी त्याला अटी असतात. यंदाच्या अटी अशा: प्रवासवर्णन नको (युरोपची तीन आणि जॉर्जियाची दोन आधीच आली आहेत), आजोळच्या आठवणी नकोत, आणि पाककृती तर मुळीच नको. "तू दिवसभर ऑफिसात काय करतोस ते लिही की," असं म्हणून संपादकांनी फोन ठेवला. आमच्या सौ.ना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ते मलाही वाचायला आवडेल."

तर मंडळी, मी सर्व्हरवर चालणाऱ्या स्क्रिप्ट लिहितो. तुम्ही बँकेच्या किंवा विमानकंपनीच्या वेबसाइटवर बटण दाबता आणि समोर पान उमटतं. ते पान कुणी आधी तयार करून ठेवलेलं नसतं. बटण दाबल्यावर दूर कुठेतरी एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो, हिशेब करतो, पानाची एकेक ओळ तयार करतो आणि तुमच्याकडे धाडतो. ही झाली स्क्रिप्ट. मी ज्या भाषेत ती लिहितो तिचं नाव पीएचपी. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेरडॉर्फ या माणसाने स्वतःच्या पर्सनल होम पेजसाठी काही हत्यारं तयार केली, १९९५ मध्ये ती जगाला खुली केली, आणि पर्सनल होम पेजची आद्याक्षरं हेच भाषेचं नाव झालं. (पुढे त्याचा विस्तार बदलला. बारशाचं नाव एक आणि शाळेच्या दाखल्यावरचं दुसरं, आपल्याकडच्यासारखंच.)

या लेखाचा विषय त्या भाषेतली एक लहानशी सोय आहे, आउटपुट बफरिंग. खरं म्हणजे ती सोय बंद करणं, हा विषय.

पाककृतीला बंदी असली तरी इथे पोळीशिवाय गत्यंतर नाही. तव्यावरून उतरलेली पोळी थेट पानात पडली तर जेवणारा खूश. पण करणारीला (किंवा करणाऱ्याला, आमच्याकडे शुक्रवारी मी करतो) प्रत्येक पोळीमागे ओट्यापासून टेबलापर्यंत एक खेप. उलट पोळ्या डब्यात साठवल्या आणि डबा भरल्यावर एकदाच नेला, तर खेपा वाचतात. तोवर जेवणारा मात्र रिकाम्या ताटाकडे बघत बसतो. तो डबा म्हणजे बफर. पीएचपीबरोबर सेटिंगची जी नमुना फाइल येते तिच्यात या डब्याचं माप ४०९६ बाइट असतं. इंग्रजी अक्षर एका बाइटात मावतं. आपल्या देवनागरीला यूटीएफ-८ मध्ये अक्षर वेगळं आणि मात्रा वेगळी धरून प्रत्येकी ३ बाइट लागतात. म्हणजे त्यांच्या ४०९६ पोळ्या मावतात तिथे आपल्या १३६५!

डबा वाईट असतो असं कुणी समजू नये. खेपा वाचल्या की सर्व्हरचा वेळ वाचतो. शिवाय एक पाकिटाची भानगड असते. पान पाठवण्याआधी त्याचं पाकीट जातं, ज्यावर पान सापडलं की नाही, की दुसऱ्याच पानावर जायचं आहे, वगैरे मजकूर असतो. पत्राची पहिली ओळ बाहेर पडली की पाकिटावर खाडाखोड करता येत नाही. नवशिक्याच्या फाइलच्या आरंभी नुसती एक रिकामी ओळ राहिली तरी ती पत्राची पहिली ओळ ठरते आणि पीएचपी 'हेडर्स ऑलरेडी सेंट' अशी बोंब ठोकते. त्यावर रामबाण म्हणून पुष्कळ जण स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत 'ओबी स्टार्ट' हा हुकूम लिहून मोकळे होतात. हा डबा ४०९६ वर थांबत नाही. मेमरी पुरेल तोवर तो फुगत जातो आणि काम संपेपर्यंत एक ओळही बाहेर सोडत नाही. साध्या पानाला अर्ध्या सेकंदाने काही बिघडत नाही. काम बारा मिनिटांचं असेल तर बिघडतं, आणि ते कसं, हेच मला सांगायचं आहे.

कतारमध्ये २०१५ च्या नोव्हेंबरपासून कामगारांचे पगार बँकेमार्फतच देण्याचा नियम अमलात आला. त्याला वेज प्रोटेक्शन सिस्टिम म्हणतात. तोवर कितीतरी ठिकाणी महिन्याच्या महिन्याला रोख रकमेचं पाकीट हातात पडायचं. नव्या नियमाने ठरल्या तारखेपासून सात दिवसांत पैसे कामगाराच्या खात्यात जमा व्हायला हवेत, आणि त्यासाठी कंपनीने बँकेला ठराविक साच्यातली फाइल द्यायची, तीत प्रत्येक कामगाराची एक ओळ. नियम चांगलाच होता. पण ज्यांचे हिशेब वर्षानुवर्षं वहीत आणि एक्सेलमध्ये चालले होते त्यांची तारांबळ उडाली.

मी तेव्हा ज्या कंपनीत होतो तिचं नाव सांगत नाही. तिचं ऑफिस इथेच, अल रय्यानमध्ये, एका व्हिलात होतं. जुनं अहमद बिन अली स्टेडियम पाडून झालं होतं. ज्यात पुढे २०२२ च्या विश्वचषकाचे सामने झाले त्या नव्या स्टेडियमचं काम त्या वर्षी सुरू होत होतं. मॉल ऑफ कतार अजून उघडायचा होता. सगळीकडे खोदकाम, धूळ आणि वळवलेले रस्ते. कंपनीकडे साधारण अठराशे कामगार: नेपाळचे, बांगलादेशचे, आपल्या उत्तर प्रदेश-बिहारचे, आणि ड्रायव्हरांमध्ये तीनचार जण कोकणातले. पगाराचा प्रोग्रॅम बाहेरच्या एका माणसाने करून दिला होता आणि बिल वसूल करून तो कॅनडाला गेला होता.

तो चालवायचे आमचे अकाउंटंट, कोट्टायमचे, साठीकडे झुकलेले. मल्याळीत थोरल्या भावाला चेट्टन म्हणतात, म्हणून सगळं ऑफिस, मॅनेजरसकट, त्यांना चेट्टनच म्हणायचं. चष्मा कपाळावर, शर्टाच्या खिशात दोन पेनं, आणि आकड्यांच्या बाबतीत इतका काटेकोर माणूस की चहाच्या फंडाचाही ताळेबंद भिंतीवर लावत.

२०१६ च्या फेब्रुवारीत जानेवारीचा पगार करायला चेट्टन बसले आणि त्यांनी बटण दाबलं. स्क्रिप्टने एकेका कामगाराची हजेरी घ्यायची, ओव्हरटाइम धरायचा, उचल घेतली असेल तर तिचा हप्ता कापायचा, आणि 'अमुक नंबर, झाला' अशी एक ओळ पडद्यावर टाकायची. करणाऱ्याने ती ओळ मुद्दाम लिहिली होती, हे त्याचं कौतुक. पण सगळ्या पानांना लावलेल्या सामायिक फाइलमध्ये त्यानेच ओबी स्टार्टही लिहिलं होतं. त्यामुळे अठराशे ओळी डब्यात साठत राहिल्या आणि पडदा कोरा. स्क्रिप्टला तीस सेकंदांची मुदत असते, मधल्या सर्व्हरला साठ सेकंदांची. या दोन्ही मुदती त्याने वाढवून ठेवल्या होत्या, म्हणून वेळ संपल्याची चूक दाखवूनसुद्धा पान थांबेना. आठ मिनिटं कोऱ्या पडद्याकडे बघून चेट्टननी काय केलं असेल? तुम्ही-आम्ही जे करू तेच. पान पुन्हा लोड केलं. ब्राउझरने विचारलं, पुन्हा पाठवू का? ते हो म्हणाले. मग काही मिनिटांनी पुन्हा एकदा.

इथे एक बारकावा आहे, आणि तो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. पान पुन्हा लोड केलं की आधीचं काम थांबलं, असं माणसाला वाटतं. तसं होत नाही. समोरचा माणूस उठून गेला हे पीएचपीला कळतं ते फक्त त्याला काही पाठवायला गेल्यावर. इथे सगळं डब्यात, पाठवणं नाहीच. तेव्हा पहिली फेरी आपली चालूच. दुसरी विनंती पहिलीच्या मागे रांगेत (एकाच लॉगिनच्या विनंत्या पीएचपी बहुधा एकामागून एकच घेते), तिसरी दुसरीच्या मागे. ज्या कोऱ्या पडद्याला कंटाळून बटण दाबलं तो त्यामुळेच आणखी कोरा राहिला. शेवटी पाऊण तासाने अठराशे ओळी धबधब्यासारख्या एकदम कोसळल्या. एकूण तीन फेऱ्या झाल्या होत्या आणि उचलीचा हप्ता तीन वेळा कापला गेला होता. तयार झालेली फाइल बँकेत गेली.

दीडशेच्या आसपास माणसं होती उचल घेतलेली. कुणाचे पाचशे रियालऐवजी दीड हजार कापले गेले, कुणाच्या खात्यात जेमतेम जेवणापुरते आले. आमच्या बसचा ड्रायव्हर म्हसळ्याचा. तो सकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. इतर वेळी गप्पिष्ट माणूस, त्या दिवशी हळू आवाजात म्हणाला, "दादा, घरी काय सांगू? पोरीचं लग्न तारखेवर आलंय." बाहेर व्हिलाच्या फाटकाशी दोन दिवस रांग होती. कुणी आरडाओरडा केला नाही. फोनवर आलेला बँकेचा मेसेज पुढे धरून माणसं नुसती उभी होती, आणि तेच बघवत नव्हतं.

फरक भरून द्यायचं ठरलं, त्याला चारपाच दिवस गेले. पण मॅनेजरसाहेबांना दोषी हवा होता. चेट्टनना मेमो मिळाला: निष्काळजीपणाने तीनदा बटण दाबल्याबद्दल खुलासा करा, अन्यथा पगारातून रक्कम कापण्यात येईल. चेट्टनचा खुलासा एका ओळीचा. पडदा कोरा होता. त्यावर कुणाचाच विश्वास बसेना, कारण कुणीही जाऊन लॉग बघितला की त्यात ओळी व्यवस्थित निघालेल्या दिसत. सर्व्हर म्हणतोय मी बोलत होतो, चेट्टन म्हणतायत मला ऐकू आलं नाही. कुणाचं खरं? दोघांचंही!

मी डेटाबेसची एक प्रत वेगळी काढली आणि मॅनेजर, चेट्टन आणि एचआरच्या बाई अशा तिघांना माझ्या टेबलाभोवती बसवून बटण दाबलं. घड्याळ भिंतीवर होतंच. दोन मिनिटांनी मॅनेजरांनी खुर्ची सरकवली. चार मिनिटांनी विचारलं, हँग झालंय का? मी म्हटलं, नाही, चाललंय. सहाव्या मिनिटाला त्यांचा हात आपोआप माऊसकडे गेला. एचआरच्या बाई हसल्या. मेमो त्या संध्याकाळी मागे घेतला गेला. लेखी नव्हे, तोंडी, पण गेला.

मग दुरुस्ती. पहिलं काम कुलपाचं: एका महिन्याचा पगार एकदा सुरू झाला की दुसरी फेरी मुळात सुरूच होऊ नये. तिप्पट कापणीवर खरा इलाज हाच, आणि तो तासाभरात झाला. पण नुसत्या कुलपाने पडदा बोलता झाला नसता. चेट्टन पुढच्या महिन्यातही बारा मिनिटं कोऱ्या पडद्यासमोर, या खेपेला हात मांडीखाली दाबून, बसले असते. म्हणून बफर बंद करायला घेतला आणि लक्षात आलं की डबा एक नाही. डब्यात डबा, त्यात डबा.

पहिला ओबी स्टार्टचा. एकात एक असे कितीही डबे उघडता येतात, त्यामुळे एक बंद करून भागत नाही. किती उघडे आहेत ते विचारत विचारत सगळे रिकामे करायचे. दुसरा तो ४०९६ चा. त्याची सेटिंग चालू स्क्रिप्टच्या आतून बदलता येत नाही, कारण स्क्रिप्टची पहिली ओळ वाचेपर्यंत डबा मांडून झालेला असतो. ती बाहेरून, त्या फोल्डरपुरती बंद केली. मग प्रत्येक ओळीनंतर 'फ्लश' हा हुकूम, म्हणजे आहे ते ढकल पुढे. (जुन्या पर्ल भाषेत डॉलर आणि उभी रेघ या दोन चिन्हांपुढे एक लिहिला की हेच काम व्हायचं, आणि अशा प्रवाहाला ते लोक 'हॉट' म्हणत. तव्यावरची पोळी, दुसरं काय!)

तरी पडदा कोराच. तिसरा डबा अपाचे सर्व्हरच्या कॉम्प्रेशनचा. मजकूर दाबून लहान करायचा तर तो आधी थोडा साठायला हवा, हे उघड आहे. या एका पानापुरतं कॉम्प्रेशन बंद केलं. चौथा अपाचेच्या पुढे उभ्या असलेल्या एनजिनएक्सचा. मागच्या सर्व्हरकडून येणारं उत्तर तो आपल्याकडे साठवतो आणि सवडीने पुढे देतो. त्याला सांगायला पाकिटावर 'एक्स-ॲक्सेल-बफरिंग: नो' एवढं लिहून पाठवलं की तो ऐकतो, त्याच्या सेटिंगला हात लावावा लागत नाही. पाचवा ब्राउझरचा. काही ब्राउझर सुरुवातीचे काही बाइट हाती आल्याशिवाय चित्रच काढत नाहीत. इंटरनेट एक्सप्लोररच्या काही आवृत्त्यांना २५६ लागायचे, आणि त्याआधीचं नेटस्केप तर तक्ता संपल्याची खूण दिसेपर्यंत सबंध तक्ता अडवून धरायचं. त्यावर जुना तोडगा: आरंभी नुसत्या मोकळ्या जागा पाठवून द्यायच्या. गंमत म्हणजे कुठला डबा तुंबलाय हे शोधायला मी 'कर्ल' नावाचं हत्यार वापरत होतो, त्यालाही स्वतःचा बफर असतो आणि तो बंद करायचं वेगळं बटण असतं.

दुपारी तीनच्या सुमाराला पहिली ओळ एकटी आली. मग दुसरी. मग तिसरी, आपापल्या वेळेला, नळाच्या थेंबासारखी. मी चेट्टनना हाक मारली.

बफर बंद करण्याची किंमत असते, तीही सांगायला हवी. खेपा वाढतात, मजकूर दाबला जात नाही, आणि पाकीट आधीच गेलेलं असल्यामुळे मध्येच काही फसलं तर 'चूक झाली' असं पाकिटावर लिहिता येत नाही. ब्राउझरच्या दृष्टीने सगळं आलबेल. म्हणून शेवटची ओळ ठळक अक्षरात लिहिली: एकूण इतके, पूर्ण झाले. ती दिसली नाही तर काम झालेलं नाही असं समजायचं. आणखी एक. आता स्क्रिप्ट प्रत्येक ओळ पाठवते म्हणजे माणूस उठून गेल्याचं तिला लगेच कळतं, आणि मग ती अर्ध्यातच प्राण सोडते. पगाराच्या बाबतीत ते भलतंच. तेव्हा 'समोर कुणी असो नसो, काम पुरं कर' असाही हुकूम लिहावा लागला. एवढी उठाठेव मी त्या एकाच पानासाठी केली. बाकीची पानं डब्यातूनच जात राहिली आणि तेच योग्य होतं. सगळीकडे बफर बंद करत सुटणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत, त्यांच्या नादी लागू नये.

मार्चमध्ये पगार झाला तेव्हा ऑफिस सुटल्यावरही चेट्टन बसून होते. नंबराबरोबर कामगाराचं नावही दिसावं अशी फर्माईश त्यांनी आधीच केली होती. नावं वर सरकत होती आणि ते चष्मा डोळ्यांवर घेऊन वाचत होते, अठराशेच्या अठराशे. मध्येच थांबून म्हणाले, "हा सुट्टीवर गेलाय ना? ओव्हरटाइम कुठून आला?" तपासलं तर खरंच हजेरीत घोटाळा होता. एकगठ्ठा अठराशे ओळी कोसळल्या असत्या तर तो कुणाच्या नजरेला पडला असता असं मला वाटत नाही.

हे सगळं जुनं तंत्र झालं, असं माझी मुलगी म्हणते. पण ती एआयला प्रश्न विचारते तेव्हा उत्तर शब्दाशब्दाने उमटत जातं, ते कसं? उत्तर तयार होईल तसं सोडायचं आणि वाटेत कुणाला साठवू द्यायचं नाही. एनजिनएक्स वाटेत असेल तर पाकिटावर आजही तेच लिहितात, बफरिंग नो. मी तिला हे मोठ्या अभिमानाने सांगितलं. ती "हं" म्हणाली.

चेट्टन २०१९ मध्ये निवृत्त होऊन कोट्टायमला गेले. मीही कंपनी बदलली. घर मात्र अल रय्यानमध्येच आहे. पुढे त्या लोकांनी पगारासाठी तयार पॅकेज घेतलं. त्यात बटण दाबलं की 'काम सुरू आहे, पूर्ण झाल्यावर ईमेल येईल' एवढंच दिसतं आणि काम मागे चालत राहतं. अठराशे माणसांच्या पगाराला तेच बरोबर, मलाही तेच पटतं. पण चेट्टनच्या जागी आलेल्या मुलीचा पहिल्याच महिन्यात फोन आला. "सर, जुन्यात नावं जाताना दिसायची म्हणे. इथे कुठे दिसतात?" मी तिथल्या सिस्टिमवाल्या मुलाला फोनवर घेतलं आणि लॉगची फाइल चालू असताना कशी बघायची ते सांगितलं. अर्ध्या तासाने पुन्हा फोन.

"सर, दिसतायत. पण एकदम चाळीस-चाळीस येतात आणि मग बराच वेळ काहीच नाही."

"सर्व्हरचा पासवर्ड कुणाकडे आहे?" मी विचारलं.